बदलता संघ आणि टिकणारा क्लब

युरोपातील व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूची एका क्लबातून दुसऱ्या क्लबात बदली वर्षातून दोनच ठरावीक मुदतींत होते. पहिली मुदत उन्हाळ्यात, नवा मोसम सुरू होण्याच्या सुमारास, दुसरी जानेवारीत. या मुदतीला ट्रान्सफर विंडो म्हणतात. उन्हाळ्यात सामने थांबलेले असतात, पण चाहत्यांच्या चर्चेला उधाण येते. कोणाला घेतले, केवढ्याला घेतले, कोणाला उगाच सोडले, डाव्या बाजूच्या बचावपटूला दुखापत झाली तर पर्याय कोण, साखळी आणि युरोपीय स्पर्धा दोन्ही झेपतील इतकी राखीव फळी भक्कम आहे का, हे प्रश्न तासन्‌तास घोळले जातात.

वरवर पाहता ही बाजाराची चर्चा आहे. तिच्या मुळाशी मात्र तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे : ज्याचे सगळे घटक बदलतात ती वस्तू तीच कशी राहते? मोठ्या क्लबाचा संघ दहा वर्षांत जवळजवळ सगळा बदलतो. प्रशिक्षक त्याहून लवकर जातात, कधी मालकही बदलतो. तरीही चाहता क्लबाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या विजयाला आपला विजय मानतो आणि कालपरवा परदेशातून आलेल्या खेळाडूलाही आपला म्हणतो. या दोन्ही दाव्यांना आधार देणारे असे काय टिकून राहते, हे पाहण्यासाठी आधी बदलीची व्यवस्था समजून घ्यावी लागते.

बदलीचा बाजार कसा घडला

इंग्लंडमध्ये खेळाडूच्या बदलीसाठी पैसे मोजण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. १९०५ मध्ये ॲल्फ कॉमन हा खेळाडू संडरलंडकडून मिडल्सब्रोकडे गेला तेव्हा पहिल्यांदा एक हजार पौंडांचा व्यवहार झाला आणि माणसाची अशी किंमत लावावी का, यावर तेव्हाही टीका झाली. त्या काळी करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्या हातात राहत असे. क्लबाने सोडले नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध दाद मागितली आणि १९६३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी ठरवली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बॉस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात त्यापुढचे पाऊल टाकले. करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला पैसे मागता येणार नाहीत आणि युरोपीय संघातील नागरिकांवर देशनिहाय संख्येची मर्यादा घालता येणार नाही, असा तो निकाल होता. २००१ मध्ये युरोपीय आयोग आणि फिफा यांच्यात बदलीच्या नियमांवर सहमती झाली; दोन मुदतींची आजची पद्धत तिच्यातूनच आली.

या बदलाची व्याप्ती दोन संघांवरून लक्षात येते. १९६७ मध्ये लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपियन चषक जिंकणाऱ्या सेल्टिकच्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोतल्या आपल्या मैदानापासून सुमारे पन्नास किलोमीटरच्या आत जन्मलेले होते. २६ डिसेंबर १९९९ रोजी चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध जो संघ उतरवला, त्यातले अकराच्या अकरा खेळाडू ब्रिटनबाहेरचे होते. सेल्टिकच्या बाबतीत संघ, गाव आणि चाहते यांची ओळख एकच होती, त्यामुळे क्लब म्हणजे काय हे विचारण्याची गरज पडत नव्हती. चेल्सीच्या त्या संघाने हा प्रश्न उघडा पाडला.

राखीव फळीची कल्पनाही अशीच नवी आहे. १९६५ पर्यंत इंग्लिश साखळीत बदली खेळाडू उतरवण्याची मुभाच नव्हती. कोणी जायबंदी झाला तर संघ दहा जणांनिशी खेळे. आता इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नऊ जण बाकावर बसतात आणि त्यांतले पाच मैदानात येऊ शकतात. एकवीस वर्षांवरील जास्तीत जास्त पंचवीस खेळाडूंची यादी द्यावी लागते आणि तीत इंग्लंड-वेल्सबाहेर घडलेले सतराहून अधिक चालत नाहीत. त्याखेरीज काही खेळाडू उसनवारीवर अन्य क्लबांकडे असतात. प्रीमियर लीगमध्ये असा उसना खेळाडू आपल्या मूळ क्लबाविरुद्ध उतरू शकत नाही : तो एकाचा असतो आणि दुसऱ्यासाठी खेळतो. म्हणजे काळाच्या ओघातच नव्हे, एकाच दिवशीही संघ नेमका कोणाचा बनलेला आहे याचे एकच एक उत्तर मिळत नाही.

जहाज, रथ आणि दिवा

ग्रीक लेखक प्लुटार्क याने थिसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. अथेन्सवासीयांनी ते जहाज जपून ठेवले. कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची असे करता करता सगळ्या फळ्या बदलल्या. ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वज्ञ वाद घालत. इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने १६५५ मध्ये या कोड्याला एक पेच जोडला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून पूर्वीच्याच क्रमाने जोडल्या, तर दोन जहाजे उभी राहतील. त्यांतले थिसियसचे कोणते?

भारतीय परंपरेत या प्रश्नाला दोन प्रमुख उत्तरे आहेत. पहिले आत्मवादी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह बदलत असताना न बदलणारा देही सांगितला आहे. क्लबाचा आत्मा जिवंत आहे, असे चाहते म्हणतात तेव्हा ते नकळत हीच भूमिका घेतात : खेळाडू येतात-जातात, क्लब अविनाशी असतो.

दुसरे उत्तर बौद्ध आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयामुळे या राजाचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. राजा रथातून आला आहे असे कळल्यावर नागसेन विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. या सगळ्यांच्या विशिष्ट जुळणीला रथ हे नाव व्यवहारात दिले जाते. त्यामागे वेगळे असे रथतत्त्व नाही. मग सातत्य कसले? त्यासाठी नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण अगदी वेगळीही नाही. एकीतून दुसरी उगवत जाते.

ही दोन उत्तरे फुटबॉलच्या बाबतीत सारखीच उपयोगी पडत नाहीत. क्लबाचा आत्मा अविनाशी असेल, तर क्लबाला कशानेच धोका नसावा. मालकाने त्याला दुसऱ्या शहरात नेले, त्याचे नाव बदलले, त्याला दुसऱ्या क्लबात विलीन केले, तरी आत्म्याचे काही बिघडू नये. प्रत्यक्षात क्लब मरतात, हरवतात आणि कधी पुन्हा उभे राहतात. नागसेनाचा दिवा तेल असेतोवरच जळतो. तेव्हा क्लबाच्या बाबतीत खरा शोध घ्यायचा तो या तेलाचा.

खेळाडू, मैदान, रंग, कंपनी

खेळाडू हे तेल नव्हे, हे ट्रान्सफर विंडोच सिद्ध करते. भारतात त्याचा उलटा दाखलाही आहे. एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला क्लब २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्याचे काही खेळाडू हैदराबादच्या पहिल्या संघात होते. तरी हैदराबाद म्हणजेच पुणे, असे पुण्यातल्या वा हैदराबादेतल्या चाहत्यांनी मानले नाही. खेळाडू पुढे गेले, क्लब मागेच संपला.

मैदानही निर्णायक ठरत नाही. आर्सेनल १९१३ मध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेकडून उत्तर लंडनमधल्या हायबरीला आले आणि २००६ मध्ये तेथून जवळच्या नव्या मैदानात गेले. आज त्याला कोणी वेगळा क्लब म्हणत नाही. नाव आणि रंग यांचेही तसेच. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने सुरू केला आणि १९०२ मध्ये त्याचे नाव बदलले. जुने हिरवे-सोनेरी रंग मागे पडून लाल रंग आला. मात्र २०१० मध्ये ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध आंदोलन करताना चाहत्यांनी हेच हिरवे-सोनेरी गळपट्टे घातले.

रंग बदलणे नेहमी असे निभावून जात नाही. कार्डिफ सिटीचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये घरच्या मैदानावरचा निळा पोशाख बदलून लाल केला. त्याच मोसमात संघाने श्रेणी जिंकून प्रीमियर लीग गाठली. यश मिळाले, तरी विरोध शमला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. मँचेस्टरच्या लाल रंगाला एका शतकाच्या प्रेक्षकांनी आपला म्हटले. कार्डिफच्या लाल रंगाला म्हटले नाही. फरक रंगात नव्हता, मान्यतेत होता.

कंपनीचा निकष कायद्याला सोयीचा आहे, पण तोही अपुरा पडतो. २०१२ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाची कंपनी दिवाळखोरीत निघाली, मालमत्ता नव्या कंपनीने घेतली आणि संघाने स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली. क्लब तोच आहे, असे त्याचे पाठीराखे मानतात. प्रतिस्पर्धी चाहते हा नवा क्लब असल्याचे डिवचून सांगतात. दोघेही कागदपत्रांचे दाखले देतात, आणि वाद मिटत नाही. कंपनी म्हणजेच क्लब असती, तर तो केव्हाच मिटला असता.

विम्बल्डनचा दाखला

हॉब्जचा दोन जहाजांचा पेच फुटबॉलमध्ये अक्षरशः घडला. दक्षिण लंडनचा विम्बल्डन क्लब १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा. १९९१ मध्ये त्याने प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले आणि तो दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर खेळू लागला. पुढे मालकांनी क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या शहरात न्यायचे ठरवले. मे २००२ मध्ये तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. २००३ मध्ये स्थलांतर झाले आणि २००४ मध्ये क्लबाचे नाव मिल्टन कीन्स डॉन्स झाले.

परवानगी मिळाल्यावर काही आठवड्यांतच चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा क्लब स्थापन केला. त्यांच्याकडे साखळीतले स्थान नव्हते, मैदान नव्हते आणि एकही खेळाडू नव्हता. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खुली चाचणी घेऊन त्यांनी संघ निवडला. ज्या क्लबाची राखीव फळीच काय, पहिली फळीही नव्हती, तो प्रादेशिक साखळीतून नऊ मोसमांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये परतला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जुन्या जागेजवळच्या नव्या प्लाउ लेनवर खेळू लागला.

जहाज कोणते खरे? साखळीतले स्थान आणि खेळाडूंचे करार मिल्टन कीन्सकडे गेले. सलग चालत आलेले जहाज ते. पण २००६ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार मिल्टन कीन्स डॉन्सने विम्बल्डनच्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि विजयचिन्हे पुढच्या वर्षी विम्बल्डन ज्या भागात आहे त्या मर्टन बरोच्या स्वाधीन केली. १९८८ चा चषक कोणाचा, हे अखेर संघाच्या सातत्यावर ठरले नाही. तो चषक आठवणारी आणि त्यासाठी स्वतःला बांधून घेणारी माणसे कोठे आहेत, यावर ठरले. जुन्या फळ्या म्हणजे खेळाडू नव्हेत. त्या फळ्या म्हणजे पाठीराखे.

भारतातही याचा पडताळा आला. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानचा फुटबॉल संघ २०२० मध्ये एटीके या क्लबाशी जोडला गेला आणि एटीके मोहन बागान या नावाने खेळू लागला. जुन्या नावाआधी लागलेली ती अक्षरे काढण्यासाठी चाहत्यांनी मोसमामागून मोसम मोहीम चालवली. संघात चांगले खेळाडू आले, तरी मागणी मागे पडली नाही. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली.

क्लब खेळाडूंत नव्हे, पाठीराख्यांत टिकतो, या निष्कर्षाला एक गंभीर आक्षेप आहे, तो बिल्बाओचा. स्पेनमधला ॲथलेटिक क्लब विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून बास्क प्रदेशाशी नाते असलेल्या खेळाडूंवरच भर देत आला आहे. येथे संघ कोणाचा असावा, हाच क्लबाचा प्राण मानला जातो. तरीही १९२९ मध्ये सुरू झालेल्या ला लिगाच्या पहिल्या श्रेणीतून हा क्लब कधी घसरला नाही. हे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना वगळता कोणालाच जमलेले नाही. २०२४ मध्ये त्याने चाळीस वर्षांनी कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला. पण ॲथलेटिकचा नियम कोणत्याही संघटनेने लादलेला नाही. तो लिखित कायद्यापेक्षा परंपरेने चालतो आणि त्याचा अर्थही काळाबरोबर रुंदावला आहे : जन्माबरोबरच त्या प्रदेशात खेळाडू म्हणून घडणेही आता पुरते. घानातून आलेल्या आईवडिलांचा, बिल्बाओत जन्मलेला इन्याकी विल्यम्स त्याचा कर्णधार होऊ शकतो. कोण आपला, हे तिथलाच समुदाय ठरवत आला आहे. त्यामुळे बिल्बाओ हा सिद्धांताला अपवाद ठरत नाही. तो त्याचे सर्वांत कडक रूप आहे.

किंमत आणि प्रतिष्ठा

क्लबाचे सातत्य पाठीराख्यांमध्ये असेल, तर खेळाडूंबाबत त्यांच्यावर काही नैतिक जबाबदारी येते का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांतला भेद मांडला. ज्याच्या जागी तुल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याला तुल्य काही नसते त्याला प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या गटात मोडतो, म्हणून त्याला केवळ साधन म्हणून वापरणे गैर.

राखीव फळीची चर्चा म्हणजे मुळात तुल्यांची चर्चा. प्रत्येक जागेसाठी दोन खेळाडू, एक नसला तर दुसरा. त्यामुळे तिथे खेळाडूबद्दल किंमतीच्या भाषेतच बोलले जाते. हिशोबाची पद्धत ही भाषा आणखी पक्की करते. दहा कोटी युरोंना पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या खेळाडूचा खर्च वहीत दरसाल दोन कोटी असा पसरतो. क्लबाच्या अकादमीत घडलेल्या मुलासाठी असे मोल मोजलेले नसते, म्हणून त्याला विकले की येणारी जवळजवळ सगळी रक्कम नफा धरली जाते. तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या नियमांमुळे लहानपणापासून क्लबात वाढलेला खेळाडूच विकायला सर्वांत सोयीचा ठरतो. चेल्सीने २०२३ मध्ये मेसन माउंट आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलेगर या आपल्या अकादमीच्या खेळाडूंना विकले, तेव्हा अनेक चाहत्यांना बोचला तो हाच उलटा न्याय.

कांटचा दंडक मात्र किंमत लावण्यालाच मनाई करत नाही. केवळ साधन म्हणून वापरू नये, एवढेच तो सांगतो. खेळाडू स्वेच्छेने करार करतो आणि बॉस्मननंतर करार संपल्यावर मोकळा होतो, तोवर त्याची किंमत ठरणे अपमानास्पद नाही. अपमान सुरू होतो तो संख्या वाढवण्यासाठी खेळाडू साठवून ठेवले जातात, वर्षानुवर्षे उसनवारीवर फिरवले जातात किंवा नको झाल्यावर मुख्य संघापासून वेगळा सराव करायला लावले जातात तेव्हा. भक्कम राखीव फळी मागणाऱ्या चाहत्याने तिचा हा भागही मोजायला हवा. बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाची उमेदीची वर्षे थोडीच असतात.

भाकीत करण्यातही चाहत्याने नम्र असावे, असे अनुभव सांगतो. जानेवारी २०११ मध्ये पाच कोटी पौंडांना चेल्सीत आलेल्या फर्नांडो तोरेसने त्या मोसमाच्या उरलेल्या काळात साखळीत एकच गोल केला. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा सट्टेवाल्यांचा सुरुवातीचा भाव पाच हजारास एक होता आणि संघातले जेमी वार्डी, रियाद महरेझ, एनगोलो कांते हे सगळे स्वस्तात आलेले. भूतकाळातल्या कामगिरीवरून भविष्याचा निश्चित निष्कर्ष निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात तर्काने दाखवले. ट्रान्सफर विंडो दरवर्षी त्याला नवे पुरावे पुरवते.

निष्ठेचा असमतोल

चाहते खेळाडूकडून निष्ठेची अपेक्षा करतात आणि ती मोडली की चिडतात. लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोनातून रेआल माद्रिदला गेला; २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर आला तेव्हा प्रेक्षकांतून डुकराचे मुंडके फेकले गेले. ही चीड समजण्याजोगी असली तरी तिचा पाया चुकीचा आहे. ज्याला क्लब कोणत्याही मुदतीत विकायला काढू शकतो, त्याने मात्र क्लब सोडू नये, ही मागणी एकतर्फी आहे. खेळाडूचे कर्तव्य करारापुरते : प्रामाणिकपणे खेळणे.

चाहत्याची निष्ठा वेगळ्या जातीची आहे. चाहत्याची बदली होत नाही, त्याला भाव नाही आणि त्याच्या जागी तुल्य दुसरा ठेवता येत नाही. विम्बल्डनचे प्रेक्षक मिल्टन कीन्सच्या प्रेक्षकांनी भरून निघाले नाहीत, हे त्या प्रकरणाने दाखवले. कांटच्या अर्थाने क्लबात प्रतिष्ठा असलेले जे काही आहे, ते या न बदलता येणाऱ्या नात्यात आहे. उन्हाळ्यातली लांबलचक चर्चाही या नात्याचाच भाग ठरते : कोण यावा, कोण जाऊ नये, कशा पद्धतीने खेळावे, याबद्दल भांडताना चाहते क्लब म्हणजे काय हे दरवर्षी नव्याने ठरवत असतात. तेच ते तेल.

कायद्यानेही हळूहळू हीच बाजू घेतली आहे. जर्मनीत १९९८ पासूनच्या पन्नास अधिक एक या नियमाने क्लबातल्या मतांचे बहुमत सभासदांकडे ठेवले आहे. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट संमत होऊन स्वतंत्र नियामक आला. क्लबाचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे की नाही हे पाहण्याचे बंधन कायद्याने क्लबांवर घातले आणि मैदान विकण्यावरही नियंत्रण आणले. बोधचिन्ह, रंग आणि मैदान यांना या कायद्याने संरक्षण दिले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला त्याने हात लावलेला नाही, आणि ते योग्यच आहे. संघ बदलण्यासाठीच असतो.